फाईल आपली, खातं कोणाचं?

प्रस्तावना

आर्णी तालुक्यात आज असं घर सापडणं अवघड आहे, ज्याची एखादी महत्त्वाची गोष्ट दूरच्या सर्व्हरवर नाही. सातबारा ऑनलाइन निघतो, पीक पाहणी मोबाइलवरून होते, मुलीची बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये असते, पीकविम्याची पावती कुणाच्या तरी मेलवर येऊन पडलेली असते आणि लग्नाचे, बारशाचे, बाबा कंबलपोष यांच्या उरुसाचे फोटो गूगलवर आपोआप जाऊन बसलेले असतात. त्यामुळे क्लाउडवर जावं की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. आपण गेलेलोच आहोत. कधी गेलो, कोणत्या खात्यातून गेलो आणि तिथून आपल्या वस्तू परत कशा आणायच्या, एवढं मात्र बहुतेकांना माहीत नाही. या पुस्तिकेची गरज तिथे सुरू होते.

पुढच्या प्रकरणांत घरच्या फाईली आणि फोटो, मग मेल आणि शेवटी वेबसाइट, अशा क्रमाने सगळं हलवण्याची रीत सांगितली आहे. कोणतं बटण कुठे आहे, हेही तिथे आहे. बटणं मात्र वर्ष-सहा महिन्यांत जागा बदलतात, म्हणून त्यांच्यावर फार विसंबू नये. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट जीव तोडून सांगायची आहे: हे काम फाईल उचलण्यापासून सुरू होत नाही. ते खातं कोणाच्या नावावर आहे, हे तपासण्यापासून सुरू होतं.

मोबाइलच्या दुकानात काय होतं ते पाहा. नवा फोन घेतला की दुकानातला मुलगा विचारतो, "काका, जीमेल आहे का जुनं?" काकांना आठवत नाही. मागे गिऱ्हाइकं उभी असतात. मुलगा काकांचं नाव-आडनाव आणि पुढे चार आकडे टाकून नवा आयडी काढतो, पासवर्ड म्हणून काकांचाच मोबाइल नंबर ठेवतो आणि रिकव्हरी मेलचा रकाना आला की 'स्किप' दाबतो. फोन सुरू होतो, काका खूश होऊन घरी जातात. त्या दिवसापासून त्यांनी काढलेला प्रत्येक फोटो, सेव्ह केलेला प्रत्येक नंबर त्या चार आकड्यांच्या आयडीत साठू लागतो. तीन वर्षांनी फोन पाण्यात पडतो, नवा फोन येतो आणि पुन्हा नवा आयडी निघतो. नातवाचे पहिल्या दोन वर्षांचे फोटो जुन्या आयडीत राहतात. ते पुसले गेलेले नसतात, जागच्या जागीच असतात. पण तिथे जायचं दार काकांना ठाऊक नसतं. ऑनलाइन अर्जांचंही तेच. केंद्रावर मेलचा रकाना आला की चालक पुष्कळदा स्वतःचाच मेल टाकतो, कारण ओटीपी लगेच हाती येतो आणि काम पुढे सरकतं. अर्ज आपला, पोच मात्र दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये. घाई ही दोघांचीही खरी अडचण आहे, म्हणून मी कुणाला दोष देत नाही. पण त्या घाईची किंमत पुढे घराला मोजावी लागते.

वखारीत सोयाबीन ठेवणारा शेतकरी पोत्यांपेक्षा पावती जपतो. पावती ज्याच्या नावावर, माल त्याचा, आणि तारण कर्जही त्याच पावतीवर मिळतं. क्लाउडची पावती म्हणजे मेल आयडी, पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर. तिन्ही आपल्या हातात असतील तरच तिथला माल आपला.

यातला मोबाइल नंबर सगळ्यात कच्चा दुवा आहे. पासवर्ड विसरला तर ओटीपी त्याच नंबरावर येतो, म्हणून लोक निश्चिंत असतात. पण ९० दिवस वापर न झालेला नंबर कंपनी बंद करू शकते आणि पुढे काही काळाने तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळतो. स्वस्त रिचार्जसाठी सिम बदलत राहण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. जुन्या सिमबरोबर जुन्या खात्याची किल्लीही जाते, हे त्या वेळी लक्षात येत नाही. शिवाय गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं की, ज्या वैयक्तिक खात्याचा दोन वर्षं वापरच झाला नाही, ते खातं आतल्या मेल-फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं. डिसेंबर २०२३ पासून त्याचा अंमल सुरू झाला. दुकानात काढलेले आणि विसरले गेलेले आयडी नेमके या नियमाच्या तडाख्यात येतात. म्हणून पहिल्या प्रकरणात फाईलींचं नावसुद्धा नाही. घरातल्या प्रत्येक फोनवर कोणता आयडी चालू आहे, जुने कोणते होते, त्यांना कोणता नंबर जोडला आहे, हे एका वहीत लिहून काढायचं, एवढंच त्या प्रकरणाचं काम. ही वही कागदाचीच असावी आणि घरातच राहावी.

मग हा खटाटोप करायचाच कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्याच भागात आहे. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत शेजारच्या महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पुराच्या पाण्याने वेढला गेला आणि माणसं बाहेर काढण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवण्याची वेळ आली. अशा रात्री कपाटातली फाईल कुणी उचलत नाही, उचलूही नये. पाणी ओसरल्यावर मदतीच्या अर्जासाठी मात्र पासबुक, आधार, सातबारा, जातीचा दाखला असं सगळं लागतं. अरुणावतीच्या काठावरच्या गावांना हे वेगळं सांगायला नको. कागदांची प्रत घराबाहेर, गावाबाहेर असणं ही आपल्यासाठी चैन नाही.

फोटोंचं दुःख वेगळं आहे. २० मार्च २०१४ रोजी आपल्या तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदींची 'चाय पे चर्चा' झाली. गावात एवढी गर्दी, एवढे कॅमेरे क्वचितच आले असतील. त्या काळी मोबाइलवर काढलेला फोटो मेमरी कार्डात राहायचा. गूगल फोटोज आलं मे २०१५ मध्ये, जिओचं स्वस्त इंटरनेट सप्टेंबर २०१६ मध्ये. त्याआधीच्या आठ-दहा वर्षांतली आपली सगळी कौटुंबिक स्मृती नखाएवढ्या कार्डांत, पेन ड्राइव्हमध्ये आणि डीटीपी सेंटरच्या सीडींवर विखुरलेली आहे. कार्ड कायम टिकत नाही, सीडीचा थर खराब होतो, आणि सीडी चालवायला ड्राइव्हच नसलेले लॅपटॉप आता सगळीकडे आहेत. जे वाचवायचं ते याच दोन-चार वर्षांत वाचवावं लागेल, असं मला मनापासून वाटतं.

क्लाउड म्हणजे शेवटी वीज, पंखे आणि हजारो डिस्क असलेली इमारत. त्यातल्या काही आपल्याच राज्यात आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे आणि मुंबईत केंद्रं उघडली, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत क्लाउड सेवा सुरू केली. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्वतःच्या खात्यांसाठीही सार्वजनिक क्लाउड वापरण्याचं धोरण आणलं. आपला फोटो नेमका मुंबईत आहे की सिंगापुरात, हे घरगुती गिऱ्हाइकाला ठरवता येत नाही. पण इमारत म्हटली की आग आलीच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीची एक इमारत जळून खाक झाली आणि लाखो वेबसाइट बंद पडल्या. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांच्यातल्या अनेकांचं काहीच हाती लागलं नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचारी आपल्या फाईली ज्या जी-ड्राइव्हवर ठेवत, त्याचा ८५८ टेराबाइट साठा गेला. त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा आहे.

आग नसली तरी दार बंद होऊ शकतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने आजारी मुलाचा फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढला. गूगलच्या यंत्रणेने तो आक्षेपार्ह ठरवून त्याचं पूर्ण खातं बंद केलं. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवलं, तरी मेल, फोटो, फोन नंबर काही परत मिळालं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही हकिगत छापली. म्हणून क्लाउडवर नेणं आणि घरची प्रत फेकून देणं, या दोन गोष्टींची गल्लत करू नका. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने घालून दिलेला नियम आपल्या स्टुडिओवाल्यांनाही लागू आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. घरच्यासाठी याचा अर्थ फोन, एक हार्ड डिस्क आणि क्लाउड. एवढं पुरतं.

एक फसगत वारंवार होते, म्हणून ती इथेच सांगतो. फोन भरला की लोक गॅलरीतून फोटो डिलीट करतात, 'गूगलवर आहेतच' या भरवशावर. पण गूगल फोटोजमध्ये पुसलेला फोटो फोनवरून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून जातो. साठ दिवस तो कचरापेटीत असतो, मग कायमचा नाहीसा होतो. फोनची जागा रिकामी करण्याची सोय वेगळी आहे आणि ती फक्त फोनवरची प्रत काढते. जोडलेलं असणं म्हणजे जपलेलं असणं नव्हे. दुसरी फसगत पंधरा जीबीची. गूगलची फुकट जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून १५ जीबी आहे, आणि २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. सुप्रभातचे व्हिडिओ साठून जागा भरली की नवा मेल येणंच थांबतं. मुलाचं मुलाखतीचं पत्र परत जातं आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

आता वेळेचा हिशोब. इंटरनेटचा वेग एमबीपीएसमध्ये सांगतात, फाईल जीबीमध्ये असते, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. अपलोडचा वेग खरोखर ५ एमबीपीएस मिळत असेल, तर १०० जीबी चढवायला अंदाजे ४४ तास लागतात. मधे वीज गेली, राउटर बंद पडला, की पुन्हा जोडणी. जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो. अपलोड वेगळा मोजावा लागतो आणि मोबाइल नेटवर तो पुष्कळदा बराच कमी भरतो. एखादा फोटो स्टुडिओ लग्नसराईचा सगळा डेटा एका रात्रीत चढवू म्हणेल, तर ते होणार नाही. आधी घरचे कागद, मग घरचे फोटो, मग व्हिडिओ, असा क्रम लावून रात्री रात्री काम करावं.

या पुस्तिकेतलं सगळ्यात मोठं प्रकरण मराठी फाईलींवर आहे. बाहेरच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत तुम्हाला ते सापडणार नाही. आपल्या भागातल्या डीटीपी सेंटरांनी वर्षानुवर्षं श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर काम केलं. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पीएचडीचे प्रबंध, गावांचे इतिहास, कवितासंग्रह, सगळं त्यात आहे. एका निवृत्त गुरुजींनी तांड्यातांड्यांवर फिरून होळीची लेंगी गाणी जमवली आणि टाईप करून घेतली. ती फाईल ड्राइव्हवर व्यवस्थित चढली. उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांचा नुसता चिखल. गुरुजी हादरले, फाईल बिघडली असं त्यांना वाटलं. फाईल बिघडली नव्हती. त्या काळच्या फॉन्टमध्ये 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नव्हताच. इंग्रजीच्या एखाद्या चिन्हाच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं होतं. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर ते चित्र दिसतं. क्लाउडवर तो फॉन्ट नाही, म्हणून खालचं चिन्ह उघडं पडतं.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात होती, पण विंडोजमध्ये तिची सोय २००० साली आली आणि छपाईच्या धंद्याने ती त्यानंतरही बरीच वर्षं टाळली. म्हणून जुन्या फाईली चढवण्याआधी युनिकोडमध्ये बदलाव्या लागतात. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट: डोक्यावर दिसतो म्हणून तो नंतर टाईप व्हायचा, युनिकोडमध्ये तो आधी येतो. कन्व्हर्टर इथे चुकला की 'कविता'ची वेलांटी 'क'वर जाऊन बसते आणि 'कर्ज'चा रफार भलत्याच अक्षरावर चढतो. 'वाऱ्यावर'मधला ऱ्य, ळ आणि ॲ ही तीन ठिकाणं तर दर वेळी हाताने तपासावीत. लेंगीसारखा बंजाऱ्यांच्या गोरबोलीतला मजकूर असेल तर ती बोली जाणणारं माणूस शेजारी बसवावं, कारण चूक झाली तरी इतरांना ती दिसणार नाही. मूळ फाईल फेकू नये. जुन्या संगणकावरून तिची पीडीएफ काढावी आणि मूळ, पीडीएफ, युनिकोड अशा तिन्ही एकत्र ठेवाव्यात. एवढं केलं की गुरुजींच्या नातीला पुण्यात बसून गाण्यातला एक शब्द टाकून ते गाणं शोधता येईल.

मेलचं काम त्या मानाने सोपं आहे. रेडिफ, याहू, हॉटमेल अशा जुन्या आयडींपैकी ज्यांच्याकडे आयमॅपची (बाहेरच्या प्रोग्रॅममधून मेल पाहण्याची) सोय आहे, ते आणि नवा आयडी असे दोन्ही थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये जोडायचे आणि एका खात्यातले मेल दुसऱ्यात ओढायचे. कष्ट वेगळ्याच ठिकाणी आहेत. तुमचा जुना मेल बँक, एलआयसी, पीएफ, पॅन, आधार, गॅस एजन्सी, मुलाचं कॉलेज यांच्याकडे नोंदलेला असतो, आणि प्रत्येक ठिकाणी तो बदलावा लागतो. ही यादी पूर्ण होईपर्यंत जुना आयडी चालू ठेवा. डिजिलॉकरबद्दल इथेच एक सूचना. त्यात संस्थेने थेट दिलेला दाखला आणि आपण फोटो काढून चढवलेला दाखला, हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो, दुसरा म्हणजे नुसती झेरॉक्स.

वेबसाइट हा विषय शाळा, पतसंस्था, कृषी सेवा केंद्रं आणि लहान व्यापाऱ्यांचा. इथे पुन्हा तोच प्रश्न येतो. साइट बनवून देणारा नागपूरचा किंवा अमरावतीचा माणूस डोमेन स्वतःच्या नावाने घेतो, संस्था पैसे देते, आणि काही वर्षांनी त्याचा फोन लागत नाही. मुदत संपते आणि संस्थेचं नाव दुसराच कुणी विकत घेतो. म्हणून साइट हलवण्याआधी डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या मेलवर आणून घ्या. ते होत नसेल तर बाकी काही हलवू नका. पुढचं काम क्रमाने करायचं: फाईली आणि डेटाबेस नव्या जागी उतरवायचे, तिथे तपासायचे, मगच डोमेनचा रोख वळवायचा आणि जुनी जागा आणखी काही आठवडे ठेवायची. डेटाबेस जुना असेल, तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा येण्याची भीती असते. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत मूळ सेटिंग लॅटिन लिपीचं होतं, त्यामुळे निर्यात करताना युनिकोडचं यूटीएफ-८ सेटिंग तपासणं अत्यावश्यक आहे. संस्थेचे मेल त्याच डोमेनवर असतील, तर त्यांची नोंद वेगळी असते. साइटबरोबर तीही पुसली गेली तर दुसऱ्या दिवसापासून संस्थेला एकही पत्र येत नाही.

शेवटचं प्रकरण खातेदाराच्या पश्चात काय, यावर आहे. ते वगळू नका, अशी माझी विनंती आहे. बँकेत आपण नॉमिनी लावतो, मेलला लावत नाही. घरातला कर्ता माणूस गेला की त्याच्या फोनचा लॉक उघडत नाही. मग पत्नीला विम्याची कागदपत्रं मिळत नाहीत, मुलांना वडिलांचा आवाज असलेला व्हिडिओ मिळत नाही. गूगलच्या इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये तीन ते अठरा महिन्यांची मुदत ठरवता येते आणि जास्तीत जास्त दहा माणसं नेमता येतात. तेवढा काळ खातं निजलेलं राहिलं की नेमलेल्यांना ठरवून दिलेला डेटा मिळतो. ॲपलने डिसेंबर २०२१ पासून अशीच वारसाची सोय दिली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही आपल्या डेटाच्या हक्कांसाठी नॉमिनी नेमण्याचा अधिकार मान्य केला असून, त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. गूगलवरची नेमणूक मात्र आजच, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन, थोड्या वेळात करता येते. ज्याला नेमाल, त्याला तसं तोंडाने सांगून ठेवा आणि त्याचं नाव घरच्या वहीत पहिल्या पानावर लिहा.